वेढ्यातलं पाणी

फर्दापूर,
११ जुलै १९५४

आदरणीय करीमचाचांना,

वच्छलेचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही.

तुम्ही पाठवलेलं इंग्रजी नाटकाचं पुस्तक मिळालं. यापुढंही शाळेच्याच पत्त्यावर लिहा. मी इंटरची परीक्षा द्यावी याला घरी कुणाची ना नाही. पास झाले तर पगार वाढेल, एवढं थोरल्या दिरांना, काकासाहेबांना, पटलंय. पण औरंगाबादच्या मुसलमान प्रोफेसरांची पत्रं घरात येतात, हे सासूबाईंना सोसायचं नाही. त्यांचा धाकटा लेक, माझा नवरा, रझाकारांनी मारला. मी त्यांना बोल लावत नाही. तुम्हीही लावणार नाही. तुमचाही मुलगा, रहीम, त्याच साली, पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत गेला.

आता अभ्यासाचं. गोष्ट समजली. शहराला शत्रूच्या फौजेचा वेढा पडलाय, पाणी तोडलंय. किल्लेदाराची मुलगी तटावर उभी राहते, शत्रूच्या सेनापतीचा मुलगा खाली. दोघांचं मन जडतं. तो तिला दोरीनं पाण्याची पखाल चढवून देतो. शेवटी शहरातली माणसं बाहेरच्या विहिरीत विष कालवतात. तो तेच पाणी पितो आणि त्याच्यामागं तीही पिते.

हे सगळं कळतं. पण ही माणसं सरळ का बोलत नाहीत? तो म्हणतो, तुझा आवाज म्हणजे पाणी. ती म्हणते, तू ढग. चंद्राला ती चुगलखोर म्हणते, कारण चांदण्यात तिचं तोंड दिसतं. परीक्षेत नेमका प्रश्न येतो म्हणे, ‘नाटकातील रूपकं आणि प्रतिमा’. चाचा, आमच्याकडं पाणी म्हणजे पाणी. ते विहिरीतून शेंदावं लागतं आणि डोक्यावरून वाहावं लागतं. ते वाहताना कुणाची आठवण येत नाही, मान दुखते.

आप्पा असते तर लेकीचा कान धरून म्हणाले असते, करीमला असले प्रश्न विचारू नकोस, तो हसेल. पण तुम्ही हसणार नाही म्हणून विचारते.

तुमची,
वच्छला


औरंगाबाद, बुढी लेन
२५ जुलै १९५४

प्यारी वच्छला बेटी,

मी हसलो. पण तुझे आप्पासाहेब सिल्लोडच्या शाळेत माझ्या शेजारी बसायचे, तेव्हा ते मास्तरांना हेच विचारायचे, म्हणून हसलो. पुढं वकील झाले, त्यांचं कवितेवाचून कधीच अडलं नाही.

तुझा प्रश्न खरा आहे. माणूस सरळ का बोलत नाही? बेटी, सरळ बोलायची मुभा नसते म्हणून. तटावर पहारा आहे. ‘मला तू हवास’ एवढं म्हणाली तर तिचा बापच तिला संपवील. म्हणून ती ढगाचं बोलते. पहारेकरी ऐकतो आणि म्हणतो, पोरगी पावसाची वाट बघतेय, सगळेच बघतायत. रूपक म्हणजे नटवलेलं बोलणं नव्हे. ज्याला ऐकायचं त्याला ऐकू जावं आणि बाकीच्यांच्या कानावरून जावं, अशी ती सोय आहे. हे उत्तरात लिही. परीक्षक खूश होईल.

आणि बघ, वेढ्यातल्या माणसाला पाण्याशिवाय दुसरं काय सुचणार? नाटककारानं गुलाब आणि बुलबुल आणले नाहीत. ज्याची टंचाई आहे त्याच्याच उपमा दिल्या. पहिल्या अंकात पाणी म्हणजे प्रेम, तिसऱ्यात पाणी म्हणजे धोका, पाचव्यात पाणी म्हणजे मरण. शब्द तोच, त्याच्या पोटातला अर्थ बदलत जातो. तो कसा बदलतो ते एकेका अंकातून शोध.

इथं खैरियत आहे. कॉलेजची नोकरी सुटल्यापासून दोनचार मुलं घरी शिकायला येतात. तुझी शमशादचाची रहीमची खोली अजून रोज झाडते.

एक काम सांगतो. माझ्या बहिणीचा, जोहराचा मुलगा फारूख चित्रकार आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायचं काम त्याला मिळालंय. पुढल्या महिन्यात तो फर्दापूरलाच राहायला येतोय. त्याच्याबरोबर मोठा शब्दकोश पाठवतो. पोरगा अबोल आहे, पण भला आहे. इंग्रजी माझ्याकडंच शिकला. कुठं अडलं तर त्याला विचार.

दुआगो,
करीमचाचा


फर्दापूर,
३ ऑक्टोबर १९५४

आदरणीय करीमचाचांना नमस्कार आणि सलाम.

शब्दकोश मिळाला. फारूखमियाँ शाळेत येऊन देऊन गेले. हेडबाईंसमोर उभं राहून त्यांनी फक्त ‘हे मामूंनी दिलंय’ एवढंच सांगितलं. तुम्ही अबोल म्हणालात ते खरं.

गेल्या महिन्यात चौथीच्या मुलींना घेऊन लेण्यांत गेलो होतो. ते तिथं पाटावर कागद लावून काम करत होते. बाहेर एक माणूस आरशानं ऊन आत फेकत होता आणि त्या उजेडात ते भिंतीवरच्या एका राणीचा हात उतरवत होते. मुलींनी गराडा घातला. आमच्या घरी कामाला येणाऱ्या साळूबाईच्या नातीनं विचारलं, ‘ही बाई कामून रडती?’ ते म्हणाले, ‘रडत नाही. तिच्या हातातलं कमळ बघा. ते खाली वळलंय. तिला काय झालंय ते ती सांगत नाही, ते फूल सांगतं.’

चाचा, मला त्या क्षणी तुमचा नाटकाचा धडा कळला. पंचवीस पोरी मागं कालवा करत होत्या आणि मी तिथंच उभी राहिले.

मग घरी येऊन तिसरा अंक पुन्हा वाचला. तुम्ही म्हणालात की तिथं पाणी म्हणजे धोका. मला वाटतं, एवढंच नाही. ती पखालीतलं पाणी पिते आणि म्हणते की आता मला आधीपेक्षा जास्त तहान लागली. पहिल्या दोन अंकांत तिला तहान होती, पण तिची सवय झालेली होती. शहरात सगळ्यांनाच तहान, मग तिचं वेगळं काय? एक घोट मिळाल्यावर तिला कळतं की आपण किती दिवस कोरडे होतो. धोका विहिरीत नाही, त्या पहिल्या घोटात आहे. हे चुकलं असेल तर सांगा.

फारूखमियाँ रविवारी शाळेच्या ओट्यावर येतात, तेव्हा तासभर इंग्रजी समजावतात. हेडबाई तिथंच असतात.

वच्छला


औरंगाबाद,
१८ नोव्हेंबर १९५४

प्यारी बेटी,

तुझं उत्तर मी मोठ्यानं वाचून शमशादला ऐकवलं. तीस वर्षं हे नाटक शिकवलं, पण पहिल्या घोटाची बात मला एकाही मुलानं कधी सांगितली नाही, आणि खरं सांगू, मलाही दिसली नव्हती. जुलैत मान दुखते म्हणून तक्रार करणारी मुलगी ती हीच का, असं वाटलं. तुझ्या लिहिण्यात जीव आलाय. असाच अभ्यास चालू दे.

दोन सूचना. ‘मला वाटतं’ असं परीक्षेत लिहू नये. आणि चौथ्या अंकातली आगीची प्रतिमा सोडू नकोस. तटाखाली फौज शेकोट्या पेटवते. ती म्हणते, ह्यातली एक त्याची असेल. शत्रूच्या हजार शेकोट्यांतली एक आपली मानणं, हे त्या नाटकातलं माझं सर्वांत आवडतं ठिकाण आहे.

फारूख तुला मदत करतो हे वाचून बरं वाटलं. आम्हाला तर तो चार ओळींचं पत्र पाठवतो, आणि त्यातल्या तीन रंगांबद्दल असतात. जोहरानं त्याच्यासाठी हैदराबादची एक मुलगी पाहिलीय, घराणं चांगलं आहे. तो उत्तरच देत नाही. तुझं ऐकत असेल तर त्याला जरा समजाव.

एप्रिलमध्ये इम्तिहानला येशील तेव्हा आमच्याकडंच उतर.

दुआगो,
करीमचाचा


फर्दापूर,
६ मार्च १९५५

आदरणीय करीमचाचांना नमस्कार आणि सलाम.

पत्राला उशीर झाला. अभ्यास झालाय. पण आज अभ्यासाचं लिहीत नाही.

मागच्या आठवड्यात पाचवीच्या मुलींना लेण्यांत नेलं होतं. ऊन लई होतं. आम्ही नेलेली कळशी वाटेतच मुलींनी संपवली. चढ चढून गेल्यावर माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली, मी पायरीवर बसले. फारूखनं त्यांच्या सुरईतलं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढं धरलं. धरलं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, त्यांनी हात मागं घेतला. म्हणाले, ‘खाली वस्तीवर माणूस पाठवतो, तिथून आणील.’ मी म्हणाले, ‘द्या.’ आणि सगळ्या मुलींसमोर प्याले.

तहान लागली होती म्हणून प्याले, असं मी घरी सांगितलं. ते खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं, हे तुम्हाला सांगते.

एका मुलीनं घरी जाऊन सांगितलं आणि दिवस मावळायच्या आत गावभर झालं. सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं. त्या ओरडल्या नाहीत. ‘माझ्या लेकाला ज्यांनी पाणी बी मिळू दिलं नाय, त्यांच्या हातचं तू प्यालीस,’ एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. ते मला लागलं. फारूखनं माझ्या नवऱ्याला मारलं नाही, हे त्यांना कसं सांगू? त्यांना ते ठाऊकच आहे. ठाऊक असून उपयोग नाही.

तुम्ही फारूखला हैदराबादच्या मुलीबद्दल समजाव म्हणाला होता. मी समजावलं नाही.

वच्छला


औरंगाबाद,
१४ मार्च १९५५

वच्छला,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी म्हातारा मूर्ख आहे. तुझी उत्तरं सुधारत होती आणि मी मास्तरासारखा त्यांवर लाल रेघा मारत होतो.

बेटी, हे इथंच थांबव. मी तुला रागावत नाही, तुझ्यापुढं हात जोडतो.

रहीमबद्दल मी कुणाशी बोलत नाही, आज तुला सांगतो. तो त्या सप्टेंबरात खेड्यावर होता, आपल्या मावशीकडं. कुठल्या पक्षात नव्हता, कुठल्या मोर्चात नव्हता. फौजा आल्या, निझामानं शरणागती पत्करली, आणि त्यानंतर गावागावांतून हिशेब चुकते व्हायला लागले. ज्यांनी मारलं त्यांना तो कोण हे माहीत नव्हतं, नाव तेवढं माहीत होतं. मी पोचलो तेव्हा ओढ्याकाठी सगळ्यांना एका रांगेत ठेवलं होतं. मी त्याला बुटांवरून ओळखलं.

तीस वर्षं मी मुलांना शिकवलं की पाचव्या अंकात मरण म्हणजे सावली, मरण म्हणजे वऱ्हाड, मरण म्हणजे शेवटी मिळालेलं पाणी. मुली रडायच्या, मला अभिमान वाटायचा. त्या ओढ्याकाठी मी उभा राहिलो आणि एकही शब्द सुचला नाही. माशा होत्या. त्याला कुठलीच उपमा चिकटली नाही. नाटकातलं मरण सुंदर वाटतं कारण त्याला वास नसतो.

तू फारूखचं नाव आता साधं ‘फारूख’ असं लिहायला लागलीस, हे मी पाहिलं. त्या एका शब्दानं माझी झोप गेली.

इम्तिहान दे. पास हो. त्याला मी दुसरीकडं काम बघतो.

करीमचाचा


फर्दापूर,
२२ मार्च १९५५

करीमचाचा,

तुमचं पत्र वाचून मी रडले. रहीमला मी लहानपणी पाहिलेलं, आप्पांबरोबर औरंगाबादला आले होते तेव्हा. त्यानं मला पाणचक्की दाखवली होती.

पण चाचा, नाटकातल्या त्या दोघांना कायदा नव्हता. आम्हाला आहे. जानेवारीपासून नवा कायदा लागू झालाय. धर्म न बदलता, न सोडता, सरकारी कचेरीत लग्न करता येतं. फारूखनं सगळी चौकशी केलीय. आधी नोटीस द्यावी लागते, ती महिनाभर कचेरीत लावतात, मग साक्षीदारांसमोर सही. अडचण त्या महिन्याची आहे. तेवढे दिवस आमची दोघांची नावं भिंतीवर राहणार आणि वाचायला सगळा जिल्हा मोकळा. म्हणून ठरवलंय की मी परीक्षेला औरंगाबादला येईन ती परत जाणार नाही. नोटीस देऊ आणि तो महिना मी तुमच्या घरी काढीन.

तुम्ही मला शिकवलंत की सरळ बोलायची मुभा नसते तेव्हा माणूस ढगाचं बोलतो. आता आम्हाला मुभा आहे. मी सरळ लिहिते. मला फारूखशी लग्न करायचं आहे. मी चोवीस वर्षांची आहे, सहा वर्षं पांढऱ्या कपाळानं काढली. तुम्ही साक्षीदार म्हणून सही कराल का?

उत्तर लवकर पाठवा.

तुमची,
वच्छला


मु. पो. बदनापूरजवळ, मामांच्या गावाहून
२४ एप्रिल १९५५

करीमचाचा,

माझ्या पत्राला तुम्ही उत्तर लिहिलं नाही. त्याऐवजी तुम्ही स्वतः सर्विस मोटारनं फर्दापूरला आलात आणि आमच्या घरी येऊन काकासाहेबांशी बोललात. तुम्हाला वाटलं असेल मी शाळेत आहे. त्या दिवशी मला घरातून निघू दिलं नव्हतं. मी आतल्या दाराशी होते. चहा मी केला.

सगळं ऐकलं. तुम्ही म्हणालात, ‘पोरांचं वय आहे, आपण मोठ्यांनी शांततेनं मिटवू. मी माझ्या भाच्याला महिनाअखेर इथून हलवतो. तोवर तुम्ही मुलीला सांभाळा, तिला बोलू नका.’ सासूबाई बाहेर आल्या. सहा वर्षांत त्या कुठल्या मुसलमानापुढं आल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, ‘तुमचा बी पोरगा गेला म्हनं?’ तुम्ही ‘जी’ म्हणालात. ‘मंग तुमाला कळतंय,’ म्हणाल्या आणि तुमच्या समोर खाली बसल्या. मला क्षणभर वाटलं, ह्या दोघांचं आता काहीतरी बोलणं होईल आणि सगळं निवळेल.

पण काकासाहेब म्हणाले, ‘करीमसाहेब, तुम्ही आलात हे लई बरं झालं. आप्पांपासनची ओळख आपली. पोरगं राहतं कुठं, कामावरनं येतं कवा, कुठल्या वाटंनं, एवढं सांगून ठिवा. म्हंजे आमी बी नजर ठिवू, गाठभेट होऊ देणार नाय.’

आणि तुम्ही सांगितलंत. दिवस कलला की येतो, मोटारीची वाट पाहत नाही, वाघूर नदीच्या कडेनं पायी येतो, एकटाच.

मी आत होते. मला ओरडायला हवं होतं. तुम्ही निघताना ‘खुदा हाफिज’ म्हणालात आणि काकासाहेबांनी हात जोडले. तुमचा कप साळूबाईनं चिमट्यानं उचलला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तोंडं बांधलेली माणसं होती म्हणे. कोण ते पोलिसांना सापडलं नाही, सापडायचंही नाही. साळूबाई मला एवढंच सांगू शकली की त्यांनी त्याला जिवंत सोडलं आणि उजवा हात दगडावर ठेवून ठेचला. त्यानंतरचं मला कुणी सांगितलेलं नाही. मला त्याच रात्री बैलगाडीत घातलं. परीक्षेचा दिवस मी इथं गव्हाला ऊन देत काढला.

मी तुम्हाला शिव्या देण्यासाठी लिहीत नाही. तुम्ही त्याला आणि मला वाचवायला आला होता, हे मला दाराआडूनही दिसत होतं. तो कसा आहे एवढं कळवा. मामीच्या नावानं पाठवा, तिला वाचता येत नाही, ती माझ्याकडंच आणील.

वच्छला


औरंगाबाद,
८ मे १९५५

वच्छला बेटी,

फारूख जिवंत आहे. सिव्हिल हॉस्पिटलातून कालच घरी आणला. डॉक्टरांनी दोन बोटं काढली, उरलेली मिटत नाहीत. तो डाव्या हातानं जेवायला शिकतोय. माझ्याशी तो तुटक वागत नाही, तेच मला सहन होत नाही. काल मी त्याच्यापाशी बसलो तर म्हणाला, ‘मामू, त्या राणीचा हात तेवढा पुरा करायचा राहिला.’

मी ती वाट सांगितली हे त्याला मीच सांगितलं. तो म्हणाला, ‘वाट तर सगळ्या गावाला ठाऊक होती.’ तो माझं ओझं कमी करायला असं म्हणाला.

आता मी लिहितो ते नीट वाच. जोहराचा थोरला मुलगा कराचीत आहे. तो आईला आणि फारूखला बोलावतोय. फारूखचा पासपोर्ट निघालाय, जून लागताच त्यांना मुंबईहून जहाज आहे. तो जायला तयार नाही. तू आलीस तर जाणार नाही म्हणतो. आणि मीही आता म्हणतो की तू ये. तू विचारलं होतंस, साक्षीदार व्हाल का. होईन. शमशादही सही करील. नोटिशीचा महिना तू रहीमच्या खोलीत राहा. ज्याला दारावर यायचं त्यानं आधी माझ्याशी गाठ घ्यावी.

ह्या महिन्याच्या बावीस तारखेला, रविवारी, जालन्याहून येणाऱ्या सकाळच्या पॅसेंजरनं ये. औरंगाबादच्या मोठ्या स्टेशनवर उतरू नकोस, तिथं ओळखीचं कुणी भेटेल. अलीकडं चिकलठाण्याला उतर. मी टांगा घेऊन उभा असेन.

मी घाबरून चुकलो. त्या चुकीची भरपाई होत नाही, पण जे उरलंय तेवढं करू दे.

करीमचाचा


औरंगाबाद,
१२ जून १९५५

वच्छला,

बावीस तारखेला आम्ही चिकलठाण्याला होतो. फारूख हट्टानं आला, हात गळ्यात बांधून. गाडीतून काही मजूर उतरले आणि कोंबड्यांची टोपली घेऊन एक बाई उतरली. आम्ही दुपारच्या गाडीपर्यंत थांबलो, मग संध्याकाळच्या. दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘मामू, तिनं विचार केला असेल. बरोबर केला.’ मी म्हणालो, ‘तुझ्या हातामुळं?’ तो म्हणाला, ‘नाही, ती तशी नाही. थकली असेल.’

गेल्या आठवड्यात जोहरा आणि तो गेले. मी मनमाडपर्यंत पोचवायला गेलो होतो. तुझ्यासाठी काही निरोप आहे का, असं मी विचारलं. त्यानं डाव्या हातानं खिडकीची झडप वर केली. मग म्हणाला, ‘त्यांना म्हणावं, परीक्षेला पुढल्या वर्षी बसा.’

तू का आली नाहीस, हे मी विचारत नाही. तुला तो हक्क आहे. फक्त कुशल कळव.

करीमचाचा


जालना,
३० ऑगस्ट १९५५

आदरणीय करीमचाचांना नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. एकाच दिवशी मिळाली, जूनच्या शेवटी.

पोस्टमननं पहिलं पत्र मामीला न देता बन्सीमामांच्या हाती दिलं. मामांनी ते उघडलं आणि पेटीत ठेवलं. दुसरंही तसंच ठेवलं. मामा वाईट नाहीत. त्यांनी फाडली नाहीत, काकासाहेबांनाही सांगितलं नाही. माझं लग्न लागल्यावर चौथ्या दिवशी, मला सासरी धाडताना त्यांनी दोन्ही माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘पोरी, हे तुझं हाये. आता वाचलंस तरी चालंल.’

बावीस तारखेला मी काय करत होते ते सांगते, कारण तुम्ही तिथं उभे होता. त्या दिवशी मला बघायला आले होते. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले. मला कुणी काही विचारलं नाही. मी नाही म्हणाले असते, पण फारूख कसा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. तुमचं पत्र आलं नाही, तेव्हा मी धरून चालले की तो वाचला नाही आणि तुमच्यानं लिहवत नाही. मग नाही म्हणून काय करायचं होतं? तो गेला असं समजून मी उभी राहिले आणि मी थकले असं समजून तो गाडीत बसला.

हे त्याला कळवू नका. मी नीट विचार करून सांगते. कळलं तर तो तिथं नीट राहणार नाही, आणि परतही येता येणार नाही. तुम्हीही ते मनात ठेवून झिजू नका.

यांचं जालन्याला कापडाचं दुकान आहे. वय पन्नासच्या आसपास. पहिली बायको वारली, तीन मुलं आहेत, थोरला माझ्याहून थोडाच लहान. मला कुणी मारत नाही, खायला आहे. शिकवायला जायचं विचारलं होतं. ते म्हणाले, ‘गरज काय?’ नाटकाचं पुस्तक फर्दापूरलाच राहिलं. सासूबाईंनी म्हणे माझं सगळं सामान बांधून मामांकडं पाठवलं, त्यात ते नव्हतं.

दुपारी घरातले झोपले की मी माडीवर बसते. समोर रस्ता आहे, त्यापलीकडं कापसाच्या जिनिंगची भिंत. पूर्वी मला काही दिसलं की त्यासारखं दुसरं काय, असं मनात यायचं. ती सवय तुम्ही दोघांनी लावली होती. आता ती भिंत बघते आणि ती भिंतच दिसते. हे बरं आहे.

पत्र पाठवू नका. इथं आलेलं पत्र आधी दुकानात उघडतात आणि मग घरी वाचून दाखवतात. हे मी शेजारणीकडून पोस्टात टाकतेय, पुन्हा जमेल असं वाटत नाही.

शमशादचाचींना नमस्कार सांगा.

लग्नात माझं नाव बदललं. अजून कुणी त्या नावानं हाक मारली की मला वळायला उशीर होतो आणि ते रागावतात. म्हणून खाली तेच लिहिते. हात वळायला हवा.

आपली,
सौ. कौसल्या